भूतकाळ जुळला, म्हणजे भविष्य कळले का?

‘हे संगणकाने सांगितले आहे’ असे म्हटले की पुष्कळदा वाद संपतो. पूर्वी ‘पोथीत लिहिले आहे’ या वाक्याला जे वजन होते, ते आता या वाक्याला आले आहे. पाऊस, साथीचे रोग, धरणातील गाळ अशा अनेक बाबतींत संगणकाने वर्तवलेली भाकिते आपण वाचतो. त्यांच्या पाठीशी बहुधा एकच युक्तिवाद असतो: आमच्या प्रतिरूपाने मागील इतक्या वर्षांची आकडेवारी बरोबर काढून दाखवली आहे, तेव्हा पुढील वर्षांसाठीही त्यावर विश्वास ठेवा.

हा युक्तिवाद ऐकताना पटतो. तो कितपत टिकतो याची परीक्षा घेणारा एक शोधनिबंध २००६ साली ‘रिलायबिलिटी इंजिनिअरिंग अँड सिस्टिम सेफ्टी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील कामावर आधारलेल्या या निबंधाचे लेखक कार्टर, बॅलेस्टर, तवस्सोली आणि किंग. विषय आहे जमिनीखालचे खनिज तेल पाण्याने ढकलून बाहेर काढण्याचा. आमच्या जुळवून घेतलेल्या प्रतिरूपाची भाकीत करण्याची शक्ती तोकडी आहे, असे लेखकांनी शीर्षकातच सांगून टाकले आहे. स्वतःच्या कामाला इतके स्पष्ट शीर्षक देणारे संशोधक विरळाच. या निबंधाचे मोल काय आणि त्याचा निष्कर्ष कोठवर मान्य करावा, हे आम्ही येथे पाहणार आहोत. त्याआधी विषयाची थोडी ओळख करून घेऊ.

तेल ढकलणारे पाणी

तेलाचा साठा म्हणजे जमिनीखालचे तळे, अशी विद्यार्थ्यांची समजूत असते. प्रत्यक्षात तेल असते वाळूच्या किंवा चुनखडीच्या खडकातील बारीक छिद्रांत. ओल्या विटेत पाणी असते तसे. विहीर खणल्यावर सुरुवातीला ते खडकातील दाबामुळे आपोआप बाहेर येते. दाब उतरत गेला की उत्पादन मंदावते आणि बरेचसे तेल छिद्रांतच अडकून राहते. तेव्हा काही विहिरींतून मुद्दाम पाणी आत सोडतात. पाणी दाब टिकवते आणि तेलाला दुसऱ्या विहिरींकडे ढकलत नेते.

ही युक्ती अपघाताने सापडली. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात वरच्या थरांतील पाणी तेलाच्या विहिरीत झिरपल्यामुळे शेजारच्या विहिरींचे तेल वाढू शकते, हे जॉन कार्ल या भूशास्त्रज्ञाने १८८० साली नोंदवले. त्याच राज्यातील ब्रॅडफर्ड तेलक्षेत्रात १९२४ साली विहिरींची ठरावीक मांडणी वापरून पाहण्यात आली: चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर एका प्रकारच्या विहिरी आणि मधोमध दुसऱ्या प्रकारची. आपल्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर असलेल्या मुंबई हाय या क्षेत्राचा शोध १९७४ साली लागला, उत्पादन १९७६ साली सुरू झाले, आणि १९८०च्या दशकात तेथील चुनखडीच्या साठ्यात समुद्राचे पाणी प्रक्रिया करून सोडण्यास आरंभ झाला.

पाणी सोडायचे हे ठरले, तरी कोठे सोडायचे हा प्रश्न उरतो. पाणी सोपी वाट शोधते. खडकाचा एखादा थर मोकळा असेल, तर पाणी त्यातूनच धावत जाऊन तेलाच्या विहिरीत पोहोचते आणि घट्ट थरांतील तेल मागेच राहते. पाण्याची वाट एकदा रुळली की ती मोडणे कठीण. म्हणून विहीर चुकीच्या जागी खणली तर खणण्याचा खर्च वाया जातो आणि वर काही तेल कायमचे हातचे निसटते. हा प्रयोग पुसून पुन्हा करता येत नाही. त्यामुळे आधी संगणकावर रंगीत तालीम करतात. हेच सिम्युलेशन.

तालीम कशी होते?

१८५६ साली आंरी दार्सी या फ्रेंच अभियंत्याने दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात वाळूतून पाणी किती वेगाने झिरपते याचा नियम दिलेला आहे. दोन टोकांमधील दाबाचा फरक जितका अधिक, तितका प्रवाह अधिक; अंतर जितके अधिक, तितका तो कमी; आणि वाळू किती सहजपणे पाणी जाऊ देते, त्या प्रमाणात तो ठरतो. या शेवटच्या गुणाला पारगम्यता म्हणतात आणि ती मिलिडार्सी या एककात मोजतात.

संगणकात साठ्याचे लहान लहान घरांत तुकडे करतात. प्रत्येक घराला सच्छिद्रता, पारगम्यता, दाब आणि तेल-पाण्याचे प्रमाण असे आकडे दिलेले असतात. एका घरातून शेजारच्या घरात किती द्रव गेला हे दार्सीच्या नियमाने काढायचे, आवक-जावकेचा हिशेब जुळवायचा, थोडा काळ पुढे सरकायचे आणि पुन्हा तेच करायचे. घरे किती असतात? या धंद्यातील अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने तुलनेसाठी वापरलेल्या २००१ सालच्या एका प्रसिद्ध प्रतिरूपात ती ११ लाख २२ हजार होती.

अडचण हिशेबात नाही, ती घरांना द्यायच्या आकड्यांत आहे. खडकाचा नमुना मिळतो तो फक्त विहिरीच्या जागी. दोन विहिरींच्या मधल्या शेकडो मीटरांत खडक कसा आहे, ते अंदाजानेच भरावे लागते. मग विहिरीतून दरमहा किती तेल आणि किती पाणी निघाले, हे प्रत्यक्ष आकडे घेऊन प्रतिरूपातील आकडे बदलत राहायचे. प्रतिरूपाचे उत्पादन प्रत्यक्ष उत्पादनाशी जुळले की थांबायचे. याला इतिहास-जुळवणी म्हणतात. जुळलेले प्रतिरूप मग पुढील वर्षांचे भाकीत करते आणि नवी विहीर कोठे खणावी हे सुचवते. सगळा भरवसा या जुळवणीवर असतो, आणि निबंधाने बोट ठेवले आहे ते नेमके तिच्यावर.

खेळण्यातला साठा

लेखकांनी खऱ्या तेलक्षेत्राच्या वाटेला न जाता एक अगदी लहान, काल्पनिक साठा घेतला. खडकाचा उभा छेद १००० फूट रुंद आणि ६० फूट जाड. त्यात सहा थर: एक चांगल्या वाळूचा, एक वाईट वाळूचा, असे आळीपाळीने. सर्वांत वरचा थर साडेबारा फूट जाड, आणि पुढचा प्रत्येक थर एक फुटाने कमी. सर्वांत खालचा साडेसात फूट. डाव्या कडेला पाणी सोडणारी विहीर, उजव्या कडेला तेल काढणारी. मधोमध एक प्रस्तरभंग. म्हणजे खडक उभा चिरला गेला आहे आणि त्याचा एक भाग दुसऱ्याच्या तुलनेत खालीवर सरकला आहे.

अज्ञात गोष्टी तीनच: चांगल्या वाळूची पारगम्यता, वाईट वाळूची पारगम्यता आणि खडक किती सरकला ते अंतर. खरी उत्तरे लेखकांनीच ठरवली होती: १३१.६ मिलिडार्सी, १.३१ मिलिडार्सी आणि १०.४ फूट. ही उत्तरे घालून त्यांनी ‘प्रत्यक्ष’ उत्पादन काढले. मग उत्तरे माहीत नाहीत असे समजून तिन्ही आकडे यदृच्छेने निवडून हजारो प्रतिरूपे तयार केली. अशा धावांची संख्या १,५९,६६१ भरली. प्रत्येक प्रतिरूप पहिल्या तीन वर्षांशी किती जुळते ते पाहिले आणि पुढच्या काळाचे त्याचे भाकीत सत्याशी ताडून पाहिले.

निकाल असा लागला, की भूतकाळाशी उत्तम जुळणारी प्रतिरूपे भविष्याबाबत चुकत होती. ज्याची जुळणी सर्वांत सरस, त्याचे आकडे खऱ्या आकड्यांपासून दूर होते. जुळलेल्या प्रतिरूपांपैकी भविष्याबाबत कोणते बरोबर ठरेल आणि कोणते नाही, हे आधी ओळखण्याची खूणही लेखकांना सापडली नाही. आणखी पुढे जाऊन त्यांनी प्रतिरूपाच्या रचनेतच थोडीशी चूक मिसळून पाहिली. तेव्हा तर उपयोगी भाकीत करणारे एकही प्रतिरूप हाती लागेना.

असे का व्हावे? सहा मजल्यांच्या दोन इमारती एकमेकींना चिकटून उभ्या आहेत अशी कल्पना करा. एकाआड एक मजल्यावर रुंद दालने आहेत आणि मधल्या मजल्यांवर अडगळीच्या खोल्या. एक इमारत एक मजला खचली, तर दालनासमोर अडगळीची खोली येईल आणि वाट अडेल. ती दोन मजले खचली, तर दालनासमोर पुन्हा दालन येईल आणि वाट बरीचशी मोकळी होईल. दुसऱ्या टोकाला उभे राहून किती माणसे बाहेर आली एवढेच मोजले, तर इमारत मुळीच खचलेली नाही की दोन मजले खचली आहे, हे सांगणे अवघड. साठ्यातही तसेच. खडक किती सरकला याची एकमेकांपासून दूरची उत्तरे सुरुवातीला सारखेच उत्पादन दाखवू शकतात. फरक पुढे, पाणी वेगवेगळ्या थरांतून पोहोचू लागल्यावर उघड होतो. तोवर निर्णय होऊन गेलेला असतो.

निबंधाचे बळ आणि त्याची मर्यादा

या निबंधाचे मोठे बळ म्हणजे त्याचा साधेपणा. खऱ्या साठ्यात भाकीत चुकले, तर मोजमाप सदोष होते, गणित अपुरे होते, घरे फार मोठी होती, अशी पन्नास कारणे देता येतात. येथे त्यांतले एकही देता येत नाही. सत्य ज्या गणिताने तयार केले, त्याच गणिताने प्रतिरूपे चालवली. अज्ञात तीनच. तरीही भाकीत फसते. ११ लाख घरांच्या प्रतिरूपात अज्ञात किती असतील, याचा विचार वाचकाच्या मनात आपोआप येतो. सोपे उदाहरण निवडून कठीण सत्य दाखवणे ही शिक्षकाची कला आहे, आणि ती या लेखकांना साधली आहे.

पण दोन ठिकाणी आम्हाला थांबावेसे वाटते.

पहिला मुद्दा शोधण्याच्या रीतीचा. खरे तीन आकडे जसेच्या तसे घातले, तर निर्दोष प्रतिरूपाची जुळणी पूर्ण होणारच. म्हणून ‘सर्वांत चांगले जुळणारे प्रतिरूप चुकीचे’ या वाक्याचा अर्थ ‘तपासलेल्यांपैकी सर्वांत चांगले’ असा घ्यावा लागतो. १,५९,६६१ ही संख्या ऐकायला मोठी आहे. पण तिचे घनमूळ सुमारे ५४ येते. म्हणजे प्रत्येक अज्ञातासाठी सरासरीने ५४ किमती तपासल्यासारखे झाले. वाईट वाळूची पारगम्यता शून्य ते पन्नास मिलिडार्सी या पट्ट्यातून सारख्या शक्यतेने निवडलेली होती आणि खरी किंमत १.३१, म्हणजे अगदी कडेला. या पट्ट्यात दोनपेक्षा कमी किंमत शंभरात सरासरी चार वेळाच येते. सत्याच्या आसपासची जागा अशी विरळ तपासली गेली. तेव्हा निबंधातील अपयशाचा काही वाटा माहितीच्या अपुरेपणाचा असला, तरी काही वाटा शोधाच्या विरळपणाचा आहे. लेखकांनी हे दोन वाटे वेगळे करून दाखवले असते, तर वाचकाचे अधिक भले झाले असते.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा. निबंध वाचून ‘मग प्रतिरूपे हवीतच कशाला?’ असे म्हणण्याचा मोह होतो. हा निष्कर्ष आम्हाला मान्य नाही. येथे सत्य शोधायला दिलेले साधन म्हणजे एका तेलविहिरीचे तीन वर्षांचे उत्पादन. प्रत्यक्षात अभियंत्याकडे याहून अधिक साधने असतात. पाण्यात खुणेचा पदार्थ मिसळून तो कोठून, किती दिवसांनी बाहेर येतो ते पाहता येते. कोणत्या थरातून किती द्रव येतो, हे विहिरीत उपकरण सोडून मोजता येते. काही वर्षांच्या अंतराने भूकंपलहरींची सर्वेक्षणे करून पाणी कोठवर सरकले याचा माग काढता येतो. इमारतीच्या दाखल्यात बोलायचे, तर माणसे किती आली एवढेच न मोजता ती कोणत्या मजल्यावरून आली हे विचारता येते. दोन प्रतिरूपे एका मोजमापाशी सारखीच जुळत असतील, तर ज्या ठिकाणी त्यांची उत्तरे वेगळी येतात तेथे जाऊन मोजावे. हा विज्ञानाचा जुनाच मार्ग आहे, आणि निबंधाने तो पुरेसा उजेडात आणलेला नाही.

विहिरीची जागा कोणी ठरवायची?

हा वाद केवळ पुस्तकी नाही, हे विहिरींच्या जागा निवडताना कळते. ५० गुणिले ५० घरांचा एक साधा नकाशा घ्या. त्यात २५०० जागा झाल्या. त्यांतून पाच विहिरींच्या जागा निवडण्याचे प्रकार किती? आठावर चौदा शून्ये, याहूनही थोडे अधिक. प्रत्येक मांडणीची तालीम एका सेकंदात झाली असे मानले, तरी सर्व तालमींना अडीच कोटी वर्षे लागतील. म्हणून सगळ्या मांडण्या न तपासता संगणकाला हुशारीने शोधायला लावतात. त्यासाठी उत्क्रांतीची नक्कल करणाऱ्या पद्धती वापरतात. चांगल्या मांडण्या ठेवायच्या, त्यांची सरमिसळ करायची, वाईट मांडण्या गाळायच्या, आणि असे पिढ्यान्‌पिढ्या करत राहायचे.

या पद्धतींना उत्तम जागा सापडते, पण ती प्रतिरूपातील उत्तम जागा असते, खडकातील नव्हे. शिवाय येथे एक छुपा धोका आहे. समजा, दहा जागा प्रत्यक्षात अगदी सारख्या आहेत. प्रतिरूपाच्या चुकीमुळे काही जागा खऱ्यापेक्षा सरस दिसतात, काही निकृष्ट. आपण सर्वांत सरस दिसणारी निवडणार. म्हणजे जिच्याबाबत प्रतिरूप आपल्या बाजूने अधिकात अधिक चुकले आहे, तीच नेमकी आपण उचलणार. एकाच चाचणीत पहिला आलेला विद्यार्थी पुढच्या चाचणीत बहुधा थोडा खाली येतो, हे शिक्षकांना परिचयाचे आहे. पहिल्या चाचणीतील त्याच्या गुणांत गुणवत्तेबरोबर नशिबाचाही वाटा असतो. शोध जितका कसून करावा, तितकी प्रतिरूपातील नशिबाची भर अधिक अचूकपणे हुडकली जाते.

यावर उपाय म्हणजे एकाच प्रतिरूपावर सगळा भार न टाकणे. इतिहासाशी जुळणारी अनेक प्रतिरूपे हाताशी ठेवावीत आणि त्यांपैकी बहुतेकांत बरी ठरणारी जागा निवडावी. एखाद्या प्रतिरूपात ती सर्वोत्तम नसली तरी चालेल. नेदरलँड्समधील टीएनओ या संस्थेने आखलेल्या आणि बेल्जियममधील ब्रुगे शहराचे नाव दिलेल्या एका स्पर्धेत हीच वाट धरलेली दिसते. २००८ साली तेथे भरलेल्या कार्यशाळेपूर्वी भाग घेणाऱ्या गटांना एका काल्पनिक तेलक्षेत्राचा दहा वर्षांचा इतिहास आणि एकाऐवजी तब्बल १०४ प्रतिरूपे देण्यात आली होती. विहिरी होत्या ३०: तेल काढणाऱ्या २० आणि पाणी सोडणाऱ्या १०. त्यांच्या जागा ठरलेल्या होत्या. प्रश्न होता त्या पुढे कशा चालवाव्यात हा. खरे उत्तर आयोजकांनी आपल्यापाशी ठेवले होते, आणि गटांची योजना त्या लपवलेल्या साठ्यावर चालवून तिचे मोल ठरवले गेले. इतिहास किती सुबक जुळला यापेक्षा योजनेने पुढे काय मिळवले, याला येथे महत्त्व होते. परीक्षेची ही रीत आम्हाला अधिक न्याय्य वाटते.

कार्टर आणि सहकाऱ्यांचा निबंध या स्पर्धेच्या विरोधात जात नाही. उलट अशा रीतीची गरज का आहे, हे तोच दाखवतो. एकच जुळलेले प्रतिरूप घेऊन पुढे जाऊ नका, हा त्याचा धडा. तो लेखकांनी निराशेच्या सुरात सांगितला आहे इतकेच.

वर्गासाठी

हा विषय वर्गात नेण्यासाठी तेलविहीर लागत नाही, वर्तुळ पुरते. परिघावर एक बिंदू घ्या. वर्तुळाचा भाग एकच. दोन बिंदू घेऊन जोडा, भाग दोन. तीन बिंदू एकमेकांना जोडा, भाग चार. चार बिंदूंना आठ आणि पाच बिंदूंना सोळा. आता सहा बिंदूंना किती, असे विचारा. सगळा वर्ग ‘बत्तीस’ म्हणेल. मग बिंदू असमान अंतरावर घेऊन, मध्ये कोठेही तीन रेषा एका ठिकाणी छेदणार नाहीत अशी काळजी घेऊन, प्रत्यक्ष मोजायला सांगा. भाग एकतीसच भरतात. दुपटीचा नियम पाच वेळा अचूक जुळला होता, तरी तो या आकृतीचा नियम नव्हता.

यानंतर विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारण्याची सवय लावता येईल. कोणतेही संगणकी भाकीत समोर आले की विचारायचे: हे प्रतिरूप जुळवताना न वापरलेल्या आकड्यांवर ते तपासले आहे का? याच आकड्यांशी जुळणारी दुसरी प्रतिरूपे आहेत का, आणि ती काय सांगतात? त्यांच्यात मतभेद असेल, तर तो मिटवण्यासाठी कोठे जाऊन काय मोजावे लागेल?

तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा, कारण पहिले दोन शंका घ्यायला शिकवतात आणि तिसरा शंका घेऊन पुढे काय करायचे ते शिकवतो. निबंधात हा तिसरा प्रश्न पुरता आलेला नाही, ही त्याची उणीव. पहिले दोन त्याने इतक्या स्वच्छपणे मांडले आहेत, की ते समजण्यासाठी दार्सीचा नियम आणि सहा थरांचे चित्र एवढेच पुरावे. विज्ञान शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे चित्र एकदा फळ्यावर काढून पाहावे, अशी आमची शिफारस आहे.